विमानातली सुई

घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणारा माणूस मी पन्नास वर्षं सांभाळला. आधी वाटायचं, स्वभावच तसा. मग एकदा यांनीच सांगितलं.

हे हवाई दलात रेडिओ मेकॅनिक होते. एकाहत्तरच्या लढाईत यांनी तपासून दिलेलं एक विमान सामान पोचवून परतताना वाट चुकलं. विमानात एक सुई असते, आपल्या तळावरून येणाऱ्या रेडिओच्या लहरींकडे बोट दाखवणारी. ती भलतीकडेच दाखवत राहिली. टाकी रिकामी होता होता विमान कसंबसं दुसऱ्याच तळावर उतरलं. आतले चौघे मरता मरता वाचले. सुईचा रेडिओ सेट उघडून पाहिला, तर दोष सापडला नाही. यांना शिक्षाही झाली नाही. पण चूक आपल्याच हातची, असं यांनी धरलं ते धरलंच. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

गेल्या कार्तिकात त्या विमानाचे पायलट महाकालच्या दर्शनाला उज्जैनला आले आणि कोणाकडून तरी पत्ता काढून फ्रीगंजच्या आमच्या फ्लॅटवर हजर. ऐंशी ओलांडलेले, हातात काठी. मी कचोरी पुढे ठेवली, तर हात लावेनात.

"सेट ठीक था, भाई," ते म्हणाले. "लौटते वक्त गाने सुनने को मैंने ही उस पर रेडियो स्टेशन लगाया था. बदलना भूल गया. सुई उसी शहर को दिखाती रही. इन्क्वायरी में डर के मारे बोला नहीं."

माझं डोकंच फिरलं. कचोरीची बशी उचलून आत न्यावीशी वाटली. "अहो, पन्नास वर्षं घालवलीत की आमची!" मी मराठीतच ओरडले.

यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "मतलब सुई सही थी, सर?"

"बिलकुल सही. जहाँ लगाया, वहीं दिखाती थी."

हे रडायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. माफी मागायला आले होते ते, आणि त्यांचे दोन्ही हात धरून आभार मानत होते आमचे हे! माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकं हलकं मला लेकीच्या लग्नानंतरही वाटलं नव्हतं.

"त्यांना काही बोलू नकोस गं," हे म्हणाले. "सेट चालत होता. ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. तरी मी साहेबांना म्हटलं, "एक बार और बोलिए."