नवऱ्याने सुचवलेला माझा सिनेमा

आमच्या घरात कुठला सिनेमा चांगला, हे ठरवायचं खातं नवऱ्याकडे आहे. ते त्याला कुणी दिलं देव जाणे. मी लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा तो खुर्चीवर बसलेलाच होता. एमआयडीसीतून दमून आला, तरी पाहुण्यांना चहाच्या आधी 'हा बघा, तो बघू नका' ऐकावंच लागतं. गाड्या उडाल्या आणि शेवटी झेंडा फडकला, की त्याच्या मते सिनेमात अर्थ असतो.

माझा आवडता सिनेमा एकच. त्यात एक बाई नवऱ्याला मनातलं सांगायला बघते आणि तो कधी पेपरात डोकं घालतो, कधी बुटांच्या नाड्या बांधतो. बस्स, एवढंच. माहेरी सांगलीला एकटीने पाहिला आणि ठरवलं, हा याच्याबरोबर बघायचाच. जे मला धड बोलता येत नाही, ते निदान तिथे तरी त्याला ऐकू येईल. दोन वर्षं मागे लागले होते. "बघू गं," म्हणायचा. बघू म्हणजे नाही, हे लग्न झालेल्या बाईला शिकवावं लागत नाही.

मागच्या महिन्यात पलूसहून त्याचा मित्र आला. फौजेतून निवृत्त होऊन आता ऊस लावतो. जेवताना म्हणाला, "गड्या, एक पिक्चर बघितला, लय भारी हाय. वैनीस्नी घिऊन बघ." आणि नाव घेतलं ते माझ्याच सिनेमाचं!

मित्राची पाठ फिरताच नवरा मला म्हणाला, "एक सिनेमा सुचवतो तुला. तुला असलं काही माहीत नसतं." असा संताप आला की हातातलं ताट आपटावं. पण बघायला तयार झालाय तर होऊ दे, म्हणून गिळला.

रविवारी दुपारी बघितला. शेवटी साहेब चक्क रडले. डोळे पुसत म्हणाले, "कसला माणूस आहे हा! बायको एवढी जीव तोडून बोलतेय, याचं लक्षच नाही." मग माझ्याकडे वळून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "तुला काय वाटलं?"

किती साठलं होतं! म्हटलं, "मला ना, कधीकधी असं वाटतं..."

त्याने फोन लावलासुद्धा होता. "गड्या, बघितला रं! व्हय, हिलाबी दाखवला. लय रडली बघ."