ग्रामसभेवर बहिष्कार

राज्यशास्त्राच्या पेपरात थेट लोकशाहीचं उदाहरण म्हणून मी ग्रामसभा लिहायचे. पूर्ण गुण मिळायचे.

मग सिल्लोड रोडवरच्या आमच्या गावात ग्रामसभेची नोटीस लागली. विषय एकच: गायरान सोलर कंपनीला देणे. त्या गायरानावर आमच्या शेजारच्या धनगर काकांची मेंढरं चरायची. त्यांना दुसरी जागा नव्हती. नोटीस वाचून माझं डोकं फिरलं. शहरातल्या औरंगपुऱ्यातून पत्रकं छापून आणली: ‘या नाटकी सभेवर बहिष्कार टाका!’

काकांना वाचून दाखवलं.

"म्हंजी जायचंच नाय?"

"एकानंबी नाय. लोकंच नसतील तर ठराव करतील कुणासमोर?"

"तू शिकलेली. तू म्हणती तसं."

ठरल्या दिवशी खरंच कुणी गेलं नाही. कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब झाली. रिकाम्या सतरंजीचा फोटो मी ‘जनतेचा विजय’ लिहून गावच्या ग्रुपवर टाकला आणि शहरात कामावर परत आले.

आठ दिवसांनी तीच सभा पुन्हा भरली. नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर होती, पण जिंकल्यावर फळा कोण बघतंय? सरपंच, ग्रामसेवक आणि सात माणसं. ठराव मंजूर. कळल्यावर मी गावी येऊन तणतणत ग्रामसेवकाकडं गेले.

"ताई, तहकूब सभेला कोरम लागत नसतो," ते म्हणाले. "पहिल्या सभेला तुम्ही माणसं आणली असती तर पडला असता ठराव. तीच धास्ती होती सरपंचांना. तुमचं पत्रक बघितलं अन् त्यांनी सगळ्यांना चहा पाजला."

पाच वर्षांनी एकदा मतदानाला रांग लावायची आणि जिथं नुसता हात वर करून निकाल लागतो तिथं फिरकायचं नाही, म्हणून मी सगळीकडं लोकांना झापत असते. इथं फिरकू नका असं मीच छापून वाटलं होतं.

ठरावाची नक्कल घेऊन काकांकडं गेले. ते दारात घोंगडी झटकत होते.

"वाच."

वाचलं. शेवटची ओळ होती, ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’

"सर्वानुमते म्हंजी?"

"सगळ्या गावाच्या मतानं."

"म्हंजी मी बी?"

"व्हय काका. तुमीबी."

त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली.

"लई भारी. आता मेंढरं कुठं न्यायची, तेबी सर्वानुमते सांग."