वाटीतलं पाकीट

शेजारीण ओट्याला पाठ लावून फरशीवर बसली होती. डोळे उघडे होते. डावा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कोणाचा आणून ठेवल्यासारखा. कढईत शेंगदाणे जळून काळे झाले होते आणि स्वयंपाकघरात धूर भरला होता. मी आधी गॅस बंद केला, मग तिच्यापाशी बसले. तिच्या मानेची शीर एवढी उडत होती की गळ्यातली साखळी हलत होती.

"काय होतंय?" मी विचारलं.

तिने तोंड उघडलं. शब्द अर्धेच बाहेर आले. "डोकं" एवढं कळलं. ओठ एका बाजूला ओढल्यासारखे झाले होते.

घरात ती एकटी होती. मुलगा ओझरला कामावर, सून शाळेत शिकवायला. मी मागच्या भिंतीवरून माझ्या सुनेला हाक मारली आणि गाडी काढायला सांगितली. हाक मारून वळले तेव्हा ओट्यावर, मिठाच्या बरणीमागे, गोळ्यांचं पाकीट दिसलं. दहातल्या सहा गोळ्या संपल्या होत्या. पाकीट मी लगेच ओळखलं, कारण ते माझ्या घरातून आलं होतं. मीच दिलं होतं. मी ते उचललं आणि कमरेला खोचलं. तेव्हा ते लपवायला खोचलं की दाखवायला, हे मला आजही सांगता यायचं नाही.

तिची माझी ओळख नाशिक रोडच्या प्रेसच्या कॉलनीतली. दोघींचे मालक प्रेसमध्ये. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शेजारच्या क्वार्टरमध्ये सहा महिने आधी आलेली होती, आणि त्या सहा महिन्यांचा मोठेपणा ती अजून गाजवते. दोन अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत होती. सकाळचा भोंगा झाला, पुरुष सायकली काढून गेले, की आम्ही दोघी भिंतीपाशी यायचो. पाण्याची वेळ, रॉकेलची रांग, कोणाची सासू काय म्हणाली, सगळं तिथेच ठरायचं आणि तिथेच मिटायचं.

भिंतीवरून एक वाटी जायची-यायची. पितळेची, खोलगट, तिच्या सासऱ्याचं नाव कोरलेली. ती वाटी मूळची तिची, पण निम्मे दिवस माझ्या फडताळात असायची. तिच्याकडून शेंगोळे यायचे, हुलग्याच्या पिठाचे, लसूण जास्त घातलेले. माझ्याकडून कधी बोंबलाची चटणी जायची, कधी नुसतं कैरीचं लोणचं. वाटी रिकामी परत करायची नाही, हे दोघींच्या आयांनी शिकवलेलं. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, ती नसली तर चार दाणे. पण रिकामी नाही.

आमचं घर बौद्ध, त्यांचं नाही. पहिल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला मी त्या वाटीतून खीर पाठवली. तिच्या सासूने हसून घेतली आणि मागल्या दाराने गाईपुढे ओतली. हे मला दुसऱ्या कोणी नाही, शेजारणीनेच सांगितलं, आणि सांगताना तिचं तोंड रागाने लाल झालं होतं. पुढच्या खेपेला तिने वाटी भिंतीवरूनच उचलली आणि सासू दारात उभी असताना तिथेच बोटाने चाटूनपुसून खाल्ली. त्यावरून तिला किती ऐकावं लागलं ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तेव्हा आम्ही दोघीही वाळक्या काटक्या होतो. मी सिन्नरकडच्या खेड्यातली. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि निंदायला जाऊ लागले. घरात सहा तोंडं. भूक मारायची गोळी निघाली आहे असं तेव्हा कोणी माझ्या आईला सांगितलं असतं, तर तिने ती कुठूनही मिळवून रात्री आम्हाला एकेक दिली असती. आता त्याच गोळीसाठी लोक गाडी काढून गंगापूर रोडला जातात. मी हसत नाही. जग असं फिरतं, एवढंच.

वर्षातून एकदा आम्ही दोघी पांडवलेण्यावर जायचो. डब्यात भाकरी, ठेचा, कांदा. ती माझ्या पुढे पायऱ्या चढायची आणि वरून म्हणायची, "ये गं म्हातारे." मी तेव्हा तिशीतसुद्धा नव्हते. वर सावलीत बसून भाकरी खायची, खाली शहर बघायचं. तेव्हा शहर एवढंसं होतं. तशी भाकरी मी नंतर खाल्ली नाही. भाकरीत काही नव्हतं, चढून लागलेली भूक होती.

मालक निवृत्त झाले, क्वार्टर सोडावी लागली. आम्ही मुद्दाम लागून-लागून दोन रो-हाऊस घेतली. मागे भिंत आहेच. वाटीही तीच. पुढे दोघींचे मालक गेले, दोघींच्या अंगावर मांस चढलं. माझ्यापेक्षा तिच्या जास्त. तिला बीपी लागलं, मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा. दोन वर्षं ती उतरवत होती. उतरत नव्हतं. मला म्हणायची, "मला फक्त एकदा लेण्याच्या पायऱ्या चढायच्या आहेत. वर गेले की बाकी गुडघ्यांचं काही का होईना."

माझ्या सुनेचं वजन दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलं होतं आणि साखरही वाढायला लागली होती. ती गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. एकदा मीही सोबत होते. बाईंनी गोळी अशी उचलून दिली नाही. रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, बीपी दोनदा घेतलं, घरात कोणाला हृदयाचं दुखणं आहे का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, ते विचारलं. मग म्हणाल्या, थोडे आठवडेच देणार, आणि दर खेपेला नाडी अन् बीपी बघितल्याशिवाय पुढची चिठ्ठी नाही. सुनेची भूक खरंच मेली. अर्ध्या पोळीवर उठायची. पण तोंड सुकायचं, झोप उडाली, मुलांवर खेकसायला लागली. तिचं वजन उतरलं, साखर उतरली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुरे. एक पाकीट शिल्लक राहिलं.

"आई, ते टाकून द्या," सून म्हणाली. "पण असंच कचऱ्यात नको, गोळ्या काढून चुरून टाका."

माझ्या हातून काही टाकवत नाही. फाटकी उशीची खोळसुद्धा मी फडक्यासाठी ठेवते. पाकीट मी सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलं.

आणि मग एका सकाळी भिंतीपाशी शेजारीण म्हणाली, "तुझी सून कशी बारीक झाली गं? उपास धरले का?"

"ती आणि उपास? गोळ्या होत्या भुकेच्या."

"मला दे ना."

"डॉक्टरच्या आहेत त्या. तिला तपासून दिल्यात."

"मग चांगल्याच असतील की. तिला काही झालं का? तुझे डोळ्यांचे थेंब मी घालत नाही? माझा खोकल्याचा काढा तुझ्या घरी चालत नाही?"

"तुला बीपी आहे."

"बीपी कोणाला नाही? तुझ्या कुत्र्यालाही असेल."

त्या आठवड्यात तिची वाटी माझ्याकडे होती, शेंगोळ्यांची, धुऊन पालथी घातलेली. आमच्या घरात तेव्हा सुनेच्या पथ्यामुळे दलिया आणि उकडलेली भाजी. कोणाला पाठवावं असं काही शिजत नव्हतं. मी वाटीत मूठभर बेदाणे घातले, त्यावर ते पाकीट ठेवलं आणि वाटी भिंतीवरून दिली.

दोन दिवसांनी ती खुशीत होती. "जेवायची आठवणच होत नाही गं. काल मुलगा म्हणाला, आई, जेवलीस का? मी विचारात पडले."

"झोप लागते का?"

"झोप कुठली. छातीत मिक्सर लागल्यासारखं होतं."

"सुनेलाही व्हायचं. पाणी पीत जा," मी सांगितलं. मी चौथी शिकलेली बाई, डॉक्टर असल्यासारखी बोलले.

"दोन-दोन गोळ्या एकदम गरम पडतील, म्हणून बीपीची बंद ठेवली आहे," ती म्हणाली. "ही संपली की ती सुरू करीन."

मला ते शहाणपणाचं वाटलं. खरंच वाटलं. एका पोटात किती औषधं घालायची, असाच माझा हिशेब. तिथून चौथ्या दिवशी सकाळी जळक्या शेंगदाण्यांचा वास भिंतीवरून आला.

दवाखान्यात तिला आत नेलं. वरचं बीपी दोनशेच्या पलीकडे गेलं होतं. तिचा मुलगा ओझरहून कामाच्या कपड्यांतच आला. एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, "डोक्यात थोडा रक्तस्राव दिसतोय. यांनी इतक्यात काही नवीन औषध सुरू केलं होतं का?"

"नाही," मुलगा म्हणाला. "फक्त बीपीची गोळी. ती रोज घेते." मग माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्हाला काही बोलली होती का?"

माझी सून खाली बघत होती. तिने पाकीट माझ्या कमरेला बघितलं होतं. ती बोलली नसती, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. हा मुलगा माझ्या मांडीवर वाढला. मी बोलले की तो माझ्यापासून गेला, हे मला तिथेच समजलं. पण आत ती पडली होती, आणि डॉक्टर चुकीच्या माहितीवर परत आत जायला निघाला होता.

मी पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. "ही खात होती. सहा खाल्ल्यात. आणि बीपीची बंद केली होती. ही गोळी मी दिली."

डॉक्टरने पाकीट उलटं करून वाचलं. "आजी, त्यांना बीपी आहे हे माहीत होतं?"

"होतं."

"ही पाकिटावर तांबडी रेघ दिसते?"

"दिसते."

"ती कशासाठी असते?"

"मला वाटलं शोभेची."

तो हसला नाही. "डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, यासाठी असते," तो म्हणाला. "गोळी विष नाही. ज्यांना दिली त्यांना तपासून दिली, म्हणून त्यांना मानवली. ही नाडी वाढवते, बीपी वाढवते. या बाईंना तपासलं असतं तर कोणी दिलीच नसती. त्यात बीपीचीही बंद." मग जाता जाता म्हणाला, "सांगितलंत ते बरं झालं. आता काय द्यायचं नाही ते तरी कळलं."

मुलगा माझ्याशी एवढंच बोलला: "मावशी, तुम्ही आता घरी जा."

गाडीत सून रडत होती. "आई, मी टाका म्हटलं होतं ना."

"म्हटलं होतंस," मी म्हणाले.

अकरा दिवस ती दवाखान्यात होती. मला आत सोडत नव्हते, म्हणजे मुलगा सोडत नव्हता. मी घरी बसून राहिले. वाटी तिच्याकडे होती. फडताळात वाटीची जागा गोल, स्वच्छ, बाजूला धूळ. ते बघून मी फडताळ पुसून काढलं.

ती घरी आली तेव्हा डावा हात नीट उचलत नव्हता. अजूनही गवार मोडायला बसली की शेंगा मांडीवरून सांडतात. गुडघ्याचं ऑपरेशन लांबणीवर पडलं. लेण्याच्या पायऱ्या आता ती चढणार नाही. मीही चढणार नाही.

महिन्याभराने मुलगा कामावर गेलेला असताना भिंतीपलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि भिंतीवर वाटी ठेवली गेली. आत शेंगदाण्याची चटणी. एका हाताने कुटलेली, जाडीभरडी, मीठ जास्त.

"खारट झाली आहे," मी म्हणाले.

"मग खाऊ नको. वाटी या वेळी रिकामी पाठव."

"रिकामी कशी पाठवू?"

"धुऊन पाठव. आणि तुझ्या घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या एकदा सुनेपुढे मांड. तो सुईदोऱ्याचा डबा तर आधी उपडा कर."

मी डबा उपडा केला. तापाच्या, पित्ताच्या, कुठल्या कुठल्या, दोन मुठी निघाल्या. मालकांच्यासुद्धा होत्या. ते जाऊन सात वर्षं झाली. सुनेने सगळ्या फोडून, चुरून, मातीत कालवून टाकल्या आणि मी बघत उभी राहिले. मग वाटी चिंचेने घासली, पुसली आणि भिंतीवरून तशीच दिली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. हाताला हलकी लागली.

तिचा मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही. ती रोज बोलते. ती वाचली.