कीबोर्डवरची आडवी पट्टी

पट्टीबाईंचा खुर्चीतून उठण्याचा एक ठरलेला क्रम होता. आधी कीबोर्डवरची दोन बटणं एकदम दाबायची, स्क्रीनवरचं सगळं नाहीसं झाल्याची खात्री करायची आणि मगच पदर सावरून उठायचं. पाणी प्यायला जायचं असो की नुसतं दारातून पाऊस बघायचा असो, यात खंड नाही. एकदा आवारात साप निघाला आणि आम्ही सगळे ओरडत बाहेर पळालो. बाईही पळाल्या, पण कॉम्प्युटर लॉक करून.

डहाणूतल्या एका छोट्या दवाखान्यात त्या केसपेपरच्या खिडकीवर बसायच्या आणि मी शेजारी औषधांच्या खिडकीत. बाई तलासरीच्या पूर्वेकडच्या, डोंगराकडच्या पाड्यावरच्या. आठवडाभर डहाणूत भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी एसटीने घरी जायच्या. आवाज असा की रांगेतल्या शेवटच्या माणसाचं नाव एकदाच पुकारावं लागे. गुजराती पेशंट आली की "बेसो बेन, बेसो", कोळीण आली की बोंबलाच्या भावावरून वाद, आणि पाड्यावरचं कोणी आलं की त्यांच्या बोलीत अशा गप्पा रंगायच्या की मागची रांग कंटाळून खाली बसायची.

दोन हजार चौदाच्या सुमारास केसपेपर कॉम्प्युटरवर आले. बाई दोन बोटांनी टाइप करायला शिकल्या, तेही प्रत्येक अक्षराला नावं ठेवत. तेव्हा त्यांना लॉक वगैरे काही ठाऊक नव्हतं. उठताना त्या कीबोर्डवर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवायच्या. आम्हाला वाटायचं, मांजर नाचू नये म्हणून असेल. त्यावरूनच त्यांचं नाव पट्टीबाई पडलं.

मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमच्याकडं दाराला कुलूप नसतं, भाऊ. सगळे शेतावर गेले की दारावर काठी आडवी लावायची. काठी दिसली की कोणी आत जात नाय. दार सताड उघडं असलं तरी नाय."

"बाई, इथे कोणाला कळणार ते?"

"त्यात न कळण्यासारखं काय हाय?" असं म्हणून त्या चहाला गेल्या. पट्टी जागेवर होती आणि स्क्रीनवर सगळं लख्ख दिसत होतं.

एक दिवस न कळणारा माणूस आलाच. वरोर गावची एक मुलगी टीबीचं औषध घ्यायला आमच्याकडे यायची. औषधाचा कोर्स संपत आला होता, तब्येत सुधारली होती आणि खाडीवरच्या धाकटी डहाणू गावातल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. त्या दिवशी तिला ठसका लागला म्हणून बाई पट्टी ठेवून तिच्यासाठी पाणी आणायला गेल्या. तेवढ्यात रांगेतल्या एका गृहस्थांनी खिडकीत मान घातली, नेमका तिचा केसपेपर उघडा होता तो वाचला, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या टीबीची बातमी खाडीपर्यंत पोचवली. हे गृहस्थ निघाले नवऱ्यामुलाच्या मावशीचे यजमान. मुलाच्या आईने निरोप धाडला, लग्न मोडलं.

मुलगी रडत आली. बाईंचा आवाज मी पहिल्यांदाच खाली गेलेला ऐकला. "पोरी, माझ्या हातून तुझं घर उघडं राहिलं," एवढंच बोलल्या. मग तिला विचारलं, "मी जाऊन बोलू का? तू नाय म्हणालीस तर नाय जाणार." तिने मान डोलावली. बाई मला म्हणाल्या, "भाऊ, स्कूटर काढ."

धाकट्या डहाणूत मुलाची आई अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटत होती. आम्हाला बघून तिने हातही थांबवला नाही. बाई तिच्याशेजारी बसल्या आणि स्वतःही बोंबील उलटू लागल्या. म्हणाल्या, "चूक माझी हाय. राग माझ्यावर काढ, पोरीवर नको. आजार औषधाने जातो. माझ्यावर विश्वास नसेल तर उद्या डॉक्टरला येऊन विचार."

"आमच्यापासून लपवलंन् तिने," आई म्हणाली.

मुलगा जाळं विणत ओट्यावर बसला होता. तो खाली मान घालूनच म्हणाला, "मला बोलली होती. साखरपुड्याच्या आधीच."

आईचे हात थांबले. "आणि तू मला नाय बोललास?"

"तिची गोष्ट होती. मी कशाला सांगू?"

आईने हातातला बोंबील खाली ठेवला. मग बाई उठल्या आणि हात झटकत म्हणाल्या, "पोरगा काठी ओळखतो. त्याला कोणी शिकवलं असेल, तर तूच शिकवलंस." दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात आली, डॉक्टरांशी बोलली, आणि जाताना बाईंच्या खिडकीत लग्नाचं आमंत्रण देऊन गेली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस त्यानंतर आला तेव्हा बाईंनी त्याला धरलं. "याला काठी कशी लावतात, दाखव." त्याने दोन बटणं दाखवली. "एवढंच? मग आधी का नाय सांगितलंस?" म्हणून त्यालाच झापलं. तेव्हापासून त्यांनी आम्हालाही सोडलं नाही. मी माझ्या खिडकीतला कॉम्प्युटर उघडा टाकून उठलो की मागून हाक यायची, "भाऊ, काठी." बाई पासवर्ड टाकत असताना तर डॉक्टरांनाही सूट नव्हती. "साहेब, तोंड तिकडं." आणि डॉक्टर मुकाट्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. कधीकधी बाई स्वतःच पासवर्ड विसरायच्या, मग रांग खोळंबायची आणि शिव्या मशीनला बसायच्या.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि पाड्यावर गेल्या. खिडकीवर नवीन मुलगी आली, चटपटीत होती, पण दवाखाना उगाच शांत झाला. मला करमेना. एका रविवारी बाईंसाठी सुके बोंबील घेऊन मी तलासरीकडची एसटी पकडली आणि पुढे डोंगराच्या वाटेने चालत गेलो.

घर सापडलं. दार उघडं होतं, आतला पाण्याचा हंडा बाहेरून दिसत होता, आणि दारावर काठी आडवी लावलेली होती. ऊन मी म्हणत होतं. घसा कोरडा पडला होता. मी बाहेरच्या चिंचेखाली बसलो. शेवटी शेजारच्या आजींना दया आली आणि त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं.

बाई डोक्यावर लाकडं घेऊन आल्या. मला बघून भारा खाली टाकला. "कधीचा बसलास? आत हंडा हाय, पाणी नाय घ्यायचं?"

"काठी होती ना, बाई."

त्या दाराशी गेल्या. मग काठी काढून भिंतीला टेकवली आणि शेजारच्या आजींना पुऱ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजी, हा आमचा भाऊ. डहाणूचा हाय, पण काठी ओळखतो."

नोकरीत माझं कौतुक फारसं कोणी केलं नाही. त्या दिवशी मात्र मी मान ताठ करून बाईंच्या घरात शिरलो.