तनूच्या मनातलं आणि ठराव क्रमांक तीन

आमच्या घरात लोकशाही आली ती एका रविवारी सकाळी, गोठ्यातलं दूध डेअरीला घालून झाल्यावर. आणि सहाव्या आठवड्यात तिने मला अख्ख्या गावासमोर तोंडघशी पाडलं.

सुरुवात केली तनूच्या बाईंनी. तनू म्हणजे माझी लेक, तिसरीत आहे. मी ग्रामसेविका. (आता आमच्या पदाचं नाव बदललंय, पण गावाने ते मनावर घेतलेलं नाही. आधीच्या सगळ्या ग्रामसेवकांना 'भाऊसाहेब' म्हणायची सवय असल्यामुळे काही म्हातारे मलाही बिनदिक्कत भाऊसाहेब म्हणतात!) माझी नेमणूक आमच्या शेजारच्या गावात. तिथली जिल्हा परिषदेची शाळा चांगली, म्हणून तनूला रोज माझ्या स्कूटीवर तिकडेच नेते. तर बाईंनी मला बोलावून घेतलं.

"तनू हुशार आहे हो, पण वर्गात तोंडच उघडत नाही," बाई म्हणाल्या. "रोज कुणीतरी तिची पेन्सिल घेऊन जातं. ही नुसती बघत बसते, डोळ्यांत पाणी आणते. विचारलं तरी सांगत नाही. मनातलं बोलायची सवय घरातून लागते. तुम्ही फक्त तिचं ऐकत चला."

ऐकायचं? मला? अहो, बारा वर्षं मी गावाचं ऐकतेय! एका नळावर पाणी भरायला तयार नसलेल्या दोन भावक्यांना मी एका रांगेत उभं केलंय. एका आठ वर्षांच्या पोरीला बोलतं करायचं म्हणजे काय मोठंसं? पण खरं सांगते, जगाच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या बाईची पोर मुकी बसते, ही गोष्ट मला फार लागली. मी ठरवलं, तनूला बोलती करीन तेव्हाच थांबेन.

आता माणसाला बोलतं करायचा एकच रस्ता मला येतो. मी घरात ग्रामसभा सुरू केली.

नियमाप्रमाणे सात दिवस आधी फ्रिजवर नोटीस लावली. विषय क्रमांक एक: घरातील सर्वांनी मनातले बोलणे. विषय क्रमांक दोन: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. अध्यक्ष सासूबाई. (त्यांची निवड करावी लागली नाही. त्या माझ्या लग्नाच्या आधीपासून बिनविरोध आहेत.) ग्रामपंचायतीत असतं तसंच लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. स्वतःच्या पैशाने हं!

पहिल्या रविवारी आमचे हे गोठ्यातून आलेच नाहीत. गणपूर्तीअभावी मी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली.

"अगं, चारच मान्सं हायेत घरात! कसली गनपूर्ती?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. अर्धा तास बसा."

"मग आदीच तहकूब करून ठिवायची का न्हाई!"

शेवटी हे आले. मी म्हटलं, "प्रत्येकाने मनातलं बोलायचं. तुम्हाला काय वाटतं?"

"मला भूक लागल्यासारखं वाटतं."

"ती भावना नव्हे!"

"लई मोठी भावना हाय," हे म्हणाले आणि शेंगदाण्यांची वाटी पुढे ओढली.

तनू गप्प. पण सासूबाईंना मात्र जी वाचा फुटली! चहात साखर कमी असते, हा विषय तीन रविवार चालला. त्यात यांनी ऐनवेळी तक्रार मांडली की मी झोपेत घोरते आणि त्याने गोठ्यातली गाय बिचकते. सासूबाईंनी हात वर करून अनुमोदन दिलं. गायीची साक्ष घ्यायची तेवढी राहिली होती!

चौथ्या रविवारी तनूने पहिल्यांदा तोंड उघडलं. माझा जीव कानांत आला.

"आई, मला ना शाळेत, ती पेन्सिल..."

"हां, पेन्सिल घेतात. बोल बोल!"

"घेती, पन मला ना तिला..."

"तिला चांगलं सुनवावंसं वाटतं. राग येतो. बरोबर?"

"न्हाई, म्हंजे..."

"म्हणजे खूपच राग येतो. थांब, लिहून घेते."

आणि मी झोकात लिहिलं: 'ठराव क्रमांक तीन. कु. तनू यांना शाळेत पेन्सिलच्या कारणावरून तीव्र राग येत असल्याचे सभेच्या निदर्शनास आले. सबब त्यांना एक डझन पेन्सिली पुरवण्यात याव्यात. सूचक: आई. अनुमोदक: आई.'

"सूचक पन तूच अन् अनुमोदक पन तूच?" यांनी विचारलं.

"दुसऱ्या कुणी हात वर केला का?"

तनूने माझ्याकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे पाहिलं, आणि उठून वासरापाशी जाऊन बसली. मला वाटलं, मन हलकं झालं पोरीचं.

आठवड्याने बाईंचा फोन. "अहो, तनू आता एकीऐवजी चार पेन्सिली देऊन मोकळी होते, पण बोलत अजून नाही." मी जिद्दीला पेटले. सभा रविवार आणि बुधवार अशी दोनदा घ्यायची ठरवली. हे बुधवारी बाजाराला जायला लागले. त्यांना पूर्वी कधी बाजाराची आवड नव्हती!

अशात माझ्या नेमणुकीच्या गावातली खरी ग्रामसभा आली. मारुतीच्या देवळासमोर सतरंज्या, समोर गाव, एका बाजूला स्वागतगीतासाठी बाईंनी आणलेली शाळेची मुलं. तनूही त्यात शेवटच्या ओळीत. माइकने पहिल्याच 'हॅलो'ला मान टाकली, म्हणून मी खड्या आवाजात पहिला विषय घेतला: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. पिशवीतून लाल रजिस्टर काढलं आणि वाचत सुटले.

बारा वर्षं इतिवृत्तं वाचणाऱ्या माणसाचं तोंड वाचतं, डोकं दुसरीकडे असतं. माझं डोकं रस्त्याच्या विषयावर कोण भांडणार याचा हिशोब करत होतं.

"चहातील साखरेच्या प्रमाणाबाबत सखोल चर्चा होऊन विषय स्थगित..."

"कुठला चहा वं?" मागून कुणीतरी विचारलं.

"पंचायतीतला आसंल!"

"आमाला तर कदी पाजला न्हाई!"

"शांतता राखा!" मी ओरडले आणि पुढे वाचलं. "सौ. सुरेखा या झोपेत घोरत असल्याने गोठ्यातील गाय बिचकते, अशी तक्रार त्यांच्या पतीने..."

देवळासमोर हशा फुटला. सरपंचबाईंनी पदर तोंडात कोंबला. सुरेखा म्हणजे मीच, आणि हातातलं रजिस्टर घरचं, हे माझ्या ध्यानात आलं. पण उतारावर लागलेल्या स्कूटीसारखं माझं तोंड थांबेना. "ठराव क्रमांक तीन. कु. तनू यांना पेन्सिलच्या कारणावरून तीव्र राग..." इथे मात्र मी रजिस्टर मिटलं. पोरीच्या मनातलं मी चव्हाट्यावर मांडलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तेवढ्यात शेवटच्या ओळीतून तनू उभी राहिली.

"आई, ते चुकीचं हाय."

सगळं गाव वळून बघायला लागलं. पण पोरगी खाली बसली नाही.

"मी आसं बोललेच न्हाई. मला राग न्हाई येत. आफरीन नवीन आलीया. तिच्याकडं पेन्सिल नसती, म्हनून मीच देते. मला तिच्याशी मैत्री करायची हुती, पन कसं इचारायचं ते कळत नव्हतं. म्हनून रडू यायचं. तेच मी सांगत हुते. तू मला पुरं बोलूच दिलं न्हाईस."

कुणी हसलं नाही. मुलांच्या पहिल्या ओळीतून एक वेणीवाली पोरगी उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढंच? मग इचारायचं ना! मला वाटलं, तुला बोलताच येत न्हाई!" आणि ती सरळ तनूशेजारी जाऊन बसली.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. लाज वाटली, अभिमान वाटला, आणि हसूही येत होतं, सगळं एकदमच. पण रडायला सवड मिळाली नाही, कारण एक म्हातारबाबा काठी टेकत उभे राहिले.

"भाऊसाहेब, पोरगी खरं बोलती! मागल्या सभेत मी वढ्यावर मोरी बांधा म्हनलो, तुमी मदीच तोडून 'रस्ता' लिवलं!"

"मी दिव्याचं बोललो, तर म्हनं 'चर्चा झाली'!"

"माझं तर नाव पन पुरं लिवलं न्हाई!"

"आता होऊन जाऊ द्या दुरुस्ती," सरपंचबाई म्हणाल्या. "इतिवृत्त वाचतात ते चुकलेलं सुधरायलाच की! पह्यली तनूची लिवा. ती सांगंल तशीच."

मी लिहिली. शब्द न् शब्द, तिच्याच तोंडचा. नंतर अख्खं गाव दुरुस्तीला रांगेत उभं राहिलं. प्रत्येकाला आपलंच आधी हवं, त्यात माइक बंद. दिवेलागणीपर्यंत मी 'शांतता राखा, एकेकाने बोला' असं बेंबीच्या देठापासून ओरडत राहिले.

दुसऱ्या दिवशी उठले तर माझा आवाज पार बसलेला. चार दिवस घशातून चकार शब्द निघाला नाही. त्या चार दिवसांत तनू स्कूटीवर बोलली, जेवताना बोलली, झोपताना बोलली. आफरीनच्या घरची शेवयांची खीर, वर्गातली भांडणं, पाढ्यांची भीती, सगळं तिने मला सांगितलं. सासूबाईंनी साखरेवरचं म्हणणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडलं आणि हे चक्क बुधवारी घरी थांबले. बाईंचा फोन आला, "तनू वर्गात हात वर करते हो! तुम्ही नक्की काय केलंत?" सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी घसा मोकळा झाला आणि मी चहा मागितला. घरात कुणालाच आनंद झालेला दिसला नाही.