कबर्ड की कपबोर्ड

मला बघायला अकोल्याची मंडळी आली तेव्हा आमच्या घरात कप सहाच होते आणि तेही शेजारणीचे. वऱ्हाडचा कारभार त्या काळी नागपुरातून चालायचा आणि अमरावतीत इंग्रजी शिकलेल्या मुलीचा भाव नुकताच चढायला लागला होता. मुलीला चालवून, सुईत दोरा ओवायला लावून झालं की आता तिच्याकडून इंग्रजी वाचूनही घ्यायचे. तपासणाऱ्याला इंग्रजी आलंच पाहिजे असं नव्हतं. आवाज खणखणीत असला की भागायचं.

मुलगा अकोल्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्याच्याशी लग्न झालं तर मॅट्रिकला बसता येईल, या आशेवर मी चार दिवस हवेत होते. शिवाय तो दिसायला बरा होता, हेही सांगून टाकते.

परीक्षा घेतली त्याच्या काकांनी. ते कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांनी माझंच पुस्तक उघडून एका शब्दावर बोट ठेवलं. मी वाचलं, "कबर्ड."

"तोडून वाच, बाई. कप. बोर्ड. मधला प काय मांजरानं खाल्ला?"

मी म्हटलं, लिहिताना दोन तुकडे दिसतात, पण बोलताना प गिळतात, आमच्या बाईंनी तसंच शिकवलंय. अर्थ कपाट.

"कपाट काहून? कप ठेवाची फळी," काका म्हणाले आणि त्यांनी आमच्या भिंतीतली फळी दाखवली. तिच्यावर लोणच्याची बरणी आणि बाबांचा पटका होता.

ते म्हणतील त्याला हो म्हण, असं आत्यानं सकाळपासून माझ्याकडून घोकून घेतलं होतं. पण माझी जीभ मुळातच आगाऊ. मी सरळ मुलाकडे वळले. "तुमी तं शाळेत हेच शिकवता. तुमीच सांगा."

मुलीनं असं विचारायचं नसतं.

त्याला माहीत होतं. मी कबर्ड म्हटलं तेव्हा त्यानं हळूच मान हलवलेली मी पाहिली होती. आता त्यानं आधी काकांकडे पाहिलं, मग पोह्यांकडे.

"काका म्हणतात तेच बरोबर हाये," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी पसंतीचा निरोप आला आणि मी नाही म्हटलं. काकांचा मला राग नव्हता, त्यांना येतच नव्हतं. याला येत होतं. आत्यानं कपाळ बडवून घेतलं, "एका शब्दापायी सोन्यासारखं स्थळ घालवते ही." बाबा नुसतेच पानाला चुना लावत बसले. मला रडू येत होतं, कारण तो मला खरंच आवडला होता.

निकाल दिला मायनं. तिला अक्षरओळखही नव्हती. चूल फुंकता फुंकता ती आत्याला म्हणाली, "उद्या हिले सासू जाच करन, तवा हा काय म्हनन, सांगू? माय म्हनते तेच बरोबर हाये."