फिलोमिनाबाईंचा शुक्रवारचा वर्ग

फिलोमिनाबाईंच्या घरात मत उभं राहूनच मांडावं लागे. बहारीनच्या मुहर्रकमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत पहिल्यांदा गेलो तेव्हा खुर्चीत रेलून मी म्हणालो, "हल्लीच्या मुलांना वाचन नको." बाईंनी चहाचा कप पुढे करता करता मागे घेतला. "उठा आणि बोला. बसून करतात ती कुरकुर." चाळिशी उलटलेला इंजिनिअर मी, माझ्या मुलीदेखत, इरादेखत निमूट उभा राहिलो.

बाई वसईच्या. मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची सगळी नोकरी झाली. एकोणिसाव्या शतकातल्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या मासिकात लिहिलेली पत्रं तिथे धूळ खात पडली होती. ती त्यांनी वह्यांत उतरवून घेतली, आणि नर्स असलेल्या मुलाकडे, स्टॅनीकडे, बहारीनला येताना साड्या कमी करून वह्या आणल्या. दर शुक्रवारी त्या आमच्या मुलांना एक पत्र वाचून दाखवत आणि त्याला उत्तर लिहायला लावत. "सव्वाशे वर्षं होऊन गेली, कुणी उत्तर दिलं नाही हो बिचाऱ्यांना." ते विद्यार्थी खाणावळीतल्या पाणचट आमटीवरून भांडत, परीक्षेच्या नावाने खडे फोडत आणि मध्येच गंभीर होत: शिकणाऱ्याने गावाच्या पाण्याकडे, गटारांकडे आत्ताच बघायचं, की आधी डिग्री घ्यायची?

या प्रश्नाला माझ्या इराने दिलेलं उत्तर इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात वाचायचं ठरलं. इरा सखीरच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला. तिच्या बसच्या वाटेवर एका बांधकामाच्या साइटवर गार पाण्याचा कूलर महिनाभर बंद होता, कामगार टाकीतलं कढत पाणी पीत होते. तिने तेच लिहिलं. साइट माझी होती. दुरुस्तीचा कागद घेऊन मी कंपनीच्या साहेबांकडे गेलो होतो, ते "बाद में देखेंगे" म्हणाले, आणि मी पुन्हा विचारलंच नाही. हेच साहेब कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणार होते. हॉल त्यांच्यामुळेच मिळाला होता.

आदल्या दुपारी मी बाईंकडे धावलो. "बाई, इराचं ते पत्र कार्यक्रमातून काढा. नोकरी गेली तर व्हिसा खलास. इराचं कॉलेजही."

"तिचं नाव काढू?"

"पत्रच काढा."

"मग ते इराला सांगा. लिहिलंय तिने."

मला ते सांगवलं नाही.

कार्यक्रमात इराचं नाव पुकारायच्या आत बाईच उठल्या. पत्र त्यांनी स्वतःचं म्हणून वाचलं. साहेब जागेवरूनच म्हणाले, "ये सब आपको किसने बताया?"

"बताया किसी ने नहीं. देखके आयी मैं." आदल्या संध्याकाळी स्टॅनीला गाडी काढायला लावून त्या खरोखरच जाऊन आल्या होत्या.

साहेब माझ्याकडे वळले. "क्यों, सच है?"

इरा माझ्याकडे बघत होती.

"सर, चेक करता हूँ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिक पाठवला. काम चाळीस मिनिटांत झालं. शुक्रवारचा वर्ग मात्र मंडळाने "तूर्त नको" म्हणून बंद केला. स्टॅनी घाबरला. "आई, थोडे दिवस वसईला जाऊन ये," म्हणाला. बाईंनी वाद घातला नाही.

विमानतळावर त्यांनी वह्या इराला दिल्या आणि मला बाजूला घेतलं. "तुमच्यावर राग नाही हं माझा. पोरीच्या शिक्षणाची काळजी होती तुम्हाला." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

इराने मला आजवर त्याबद्दल काही विचारलेलं नाही. त्या दिवशी विमानतळावरून निघताना वह्या सांभाळत ती माझ्यापुढे चार पावलं चालत गाडीकडे गेली, आणि माझ्या शेजारची नेहमीची जागा सोडून मागच्या सीटवर बसली.